विचारा बिनधास्त : गोल बुडाचा ग्लास आणि भिजलेला शर्ट

प्रश्न : काका नमस्कार, मी लातूरचा, वय 29. बियर कधीमधी, म्हणजे लग्नकार्य उरकलं की पोरं बसतात तेवढीच. मागच्या महिन्यात मावसभावाकडं ब्रसेल्सला गेलतो, त्यानं क्वाक नावाची बियर मागवली. ग्लास बघूनच मी येडा झालो, खाली फुग्यासारखा गोल, मधी मान बारीक, वर तोंड पसरट आणि सगळं एका लाकडी स्टँडमधे अडकवलेलं. अर्धा ग्लास मजेत गेला, मग शेवटी जरा उलटा केला तर भस्सकन सगळी तोंडावर. वहिनी अजून हसायलेत. ह्या ग्लासनं चव वाढते का नुसती टूम आहे? आणि एकाच ग्लासात ट्राममधून उतरताना पाय कुठं पडायलाय ते का कळंना?
— भिजलेला, लातूर

उत्तर : हसू दे रे वहिनीला. मी पण भिजलोय, गेंट गावात, नव्या पांढऱ्या शर्टावर, आणि ही बियर तांबूस असल्यामुळं डाग अगदी लांबून दिसायचा.

तुमच्या घरी आजीच्या काळातला पितळी चंबू असंल बघ, पोट मोठं नि गळा बारीक. तो उपडा केला की पाणी एका धारेनं पडत नाही, भकभक करत पडतं, कारण पाणी बाहेर यायचं तर तेवढी हवा आत जायला पाहिजे आणि जायला-यायला वाट एकच. क्वाकच्या ग्लासाचं तेच. वरचा पसरट भाग संपेपर्यंत काही होत नाही, पण पोटातली बियर मानेपाशी अडली की आपण अजून उलटा करतो, हवेचा एक मोठा बुडबुडा आत घुसतो आणि त्याच्या धक्क्यानं बियर थेट नाकावर. तेव्हा 'क्वाक' असा आवाज येतो म्हणतात, मला तर आपल्या चंबूचाच आवाज ऐकू आला. उपाय सोपाय, लाकडाची दांडी धरून सावकाश तिरपा करायचा, जरा गोल फिरवत, आणि शेवटच्या घोटाला अजिबात घाई करायची नाही. स्टँड कशाला, तर बूड गोल असल्यामुळं तो टेबलावर उभाच राहत नाही, आपली घागर चुंबळीवर ठेवतात तसं.

तिथली गोष्ट अशी सांगतात की 1791 च्या सुमारास डेंडरमोंडे गावात पॉवेल क्वाक नावाचा सराईवाला होता, टपालगाडीच्या गाडीवानांना घोडे सोडून खाली उतरता येत नव्हतं म्हणून त्यानं गाडीलाच अडकवता येईल असा ग्लास काढला. गोष्ट झकास आहे, पण पारावरच्या म्हाताऱ्याची गोष्ट ऐकावी तशी मी ती ऐकतो. खराब रस्त्यावर एसटीत बसून गरम चहा पिऊन बघ, मग चालत्या घोडागाडीत ह्या ग्लासातून कोण काय प्यायलं असंल ते तूच सांग. आत्ताची क्वाक बाजारात आली 1980 च्या दशकात, बुगेनहाउटच्या बोस्टील्स ब्रुअरीची, ती ब्रुअरी मात्र खरंच 1791 ची आहे. पिढ्यानपिढ्या एकाच घराण्याकडं होती, 2016 मधे एबी इनबेव ह्या बड्या कंपनीनं घेतली.

चवीचं म्हणशील तर मी तीच बियर नंतर साध्या वाइन ग्लासात पण घेऊन बघितली, फरक शून्य, उलट वास जास्त चांगला आला. म्हणजे ग्लास ही टूमच आहे, पण मजेदार टूम आहे, त्यात वाईट काय. बियर स्वतः चांगली आहे, आधी करपवलेल्या साखरेचा गोडवा, मागून पिकल्या केळीसारखा वास (तो यीस्टमुळं येतो, केळी कुणी टाकत नाही) आणि घशाखाली गेल्यावर ऊब. फक्त आपल्यासारखी बर्फगार करू नकोस, 8-10 डिग्रीला पी, नाहीतर अर्धी चव झोपूनच राहते.

आता पायांचं. क्वाकमधे अल्कोहोल 8.4 टक्के, आणि आपल्याकडं स्ट्राँग बियरची हद्दच 8 टक्क्यांवर संपते, आपल्या वाळूजला एवढी बियर बनती पण ती पण त्याच्या आतच. 330 मिलीच्या एका बाटलीत साधारण 28 मिली शुद्ध अल्कोहोल झालं. आपल्याकडच्या 42.8 टक्केवाल्या व्हिस्कीच्या 60 मिलीच्या पेगमधे निघतं 26 च्या आसपास. म्हणजे एक लार्ज पेग तू सरबतासारखा घटाघटा मारला, शेवटचा घोट शर्टावर गेला हे बरंच झालं म्हण! बेल्जियममधे अशा कितीतरी स्ट्राँग बियरमधे साखर घालतात, त्यानं अल्कोहोल वाढतं पण बियर अंगानं हलकीच लागते, म्हणून जिभेला पत्ता लागत नाही. सोबत काहीतरी खा, पाणी पी आणि गाडीची किल्ली भावाकडं.

परत गेलास तर गेंटला डुल्ले ग्रीट नावाच्या बारमधे जा. तिथं ह्याच आकाराचा 1.2 लिटरचा ग्लास मिळतो, पण त्याच्या बदल्यात पायातला एक बूट जमा करावा लागतो, तो टोपलीत घालून दोरीनं छताला चढवतात, कारण लोक ग्लास पळवायचे. मी उजवा काढून दिला आणि मोज्याला अंगठ्यापाशी हे एवढं भोक. आमची मंडळी पाहुण्यांना शर्टाचं नाही सांगत, मोज्याचं सांगते.

प्रश्न : मुलानं बेल्जियमहून तोच लाकडी स्टँडवाला ग्लास आणलाय. आमच्या घरी कुणी घेत नाही. त्यात पाहुण्यांना मठ्ठा दिला तर चालंल का?
— एक आई, अंबाजोगाई

उत्तर : ताई, मठ्ठा नको. कोथिंबीर त्या मानेत अडकली की बाटलीच्या ब्रशशिवाय निघायची नाही, आणि पाहुणे भिजतील ते वेगळंच. मनीप्लांट लावा, बुडात पाणी भरपूर मावतं.