म्युनिकला आलोय, तर मुलांना घेऊन डाखाऊची छळछावणी पाहायला जावं का?

तुम्ही तीन दिवस म्युनिकला आहात, मुलगी 9 वर्षांची, मुलगा 14 चा, आणि सुट्टीत उगाच मन खराब होईल का, असं विचारलंय. मी इथे सहा वर्षं राहतोय आणि घरी आलेल्या पाहुण्यांबरोबर चारदा डाखाऊला गेलोय. मुलाला जरूर न्या, मुलीला नको. 12-13 च्या खालच्या मुलांना आणू नये, असं तिथल्या स्मारकाचे (छावणीचं आता स्मारक केलंय) लोकही सांगतात. तुमच्यापैकी एकाने मुलीजवळ थांबावं.

जाणं सोपं आहे. मुख्य स्टेशनवरून एस-2 लोकलने वीस-पंचवीस मिनिटांत डाखाऊ, तिथून 726 नंबरची बस. प्रवेशाला पैसे नाहीत. सकाळी लवकर निघा, चार तास हाताशी ठेवा आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. संध्याकाळी बिअर हॉलमध्ये जायचा बेत असेल तर तो दुसऱ्या दिवशी करा, एवढं कळकळीने सांगतो.

बहुतेक लोक तडक गॅस चेंबरकडे जातात. डाखाऊचं गॅस चेंबर सामूहिक हत्येसाठी वापरल्याचा पुरावा नाही, तरी इथे आणि डाखाऊच्या उपछावण्यांत मिळून किमान 41,500 माणसं मेली: उपासमारीने, टायफसने (उवांमुळे पसरणारा ताप), गोळ्या घालून, डॉक्टरांच्या प्रयोगांत. हिटलर सत्तेवर आल्यावर दोन महिन्यांच्या आत, 22 मार्च 1933 ला ही छावणी सुरू झाली. आधी राजकीय विरोधक आले, मग ज्यू, रोमा (जिप्सी), समलैंगिक, यहोवाचे साक्षीदार (एक ख्रिस्ती पंथ), पोलंडचे पाद्री. बारा वर्षांत, उपछावण्या धरून, दोन लाखांवर कैदी.

म्हणून म्हणतो, आधी बराकीत जा. मूळच्या पाडल्या, दोन पुन्हा बांधल्यात. बाकीच्यांचे नुसते चौथरे आहेत, नंबर घातलेले. आत तीन काळांतल्या झोपायच्या फळ्या एकापाठोपाठ मांडल्यात. पहिल्यात प्रत्येकाला वेगळी जागा. शेवटच्या, म्हणजे 1944-45 च्या, नुसत्या सलग फळ्या, मध्ये पट्टीसुद्धा नाही. 6,000 जणांसाठी बांधलेल्या छावणीत 29 एप्रिल 1945 ला अमेरिकन सैन्य आलं तेव्हा 30,000 च्या वर माणसं होती. आणि त्या गर्दीतही अंथरुणाची घडी काटेकोर हवी, चादरीला सुरकुती दिसली तर मार. मला तिथे सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर ते हे.

कुंपणाच्या अलीकडे गवताची पट्टी आणि खंदक दिसेल. त्या गवतावर पाय पडला की पहारेकरी गोळी घालायचे. कधी कधी कैद्याची टोपी तेच तिथे फेकायचे आणि आणायला सांगायचे. मुलाला हे तिथेच, पट्टीजवळ उभं राहून सांगा. फाटकावरचं 'आर्बाइट माख्ट फ्राय' (श्रमाने मुक्ती मिळते) हे वाक्यही त्याला दाखवा. ते दार 2014 मध्ये चोरीला गेलं होतं. मूळ दार आता संग्रहालयात आहे, फाटकात दिसतं ती प्रतिकृती.

शेवटी दहनभट्टीच्या इमारतीत चार स्त्रियांच्या स्मरणाची पाटी शोधा. त्यातली एक नूर इनायत खान. बडोद्याला गायकवाडांच्या दरबारी असलेले गवई मौलाबक्ष हे तिच्या वडिलांचे आजोबा. नूर ब्रिटिशांची वायरलेस ऑपरेटर म्हणून जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये गुप्तपणे काम करत होती. 13 सप्टेंबर 1944 ला तिला आणि तिघींना इथे गोळ्या घातल्या. तेव्हा ती 30 वर्षांची होती.

माझ्या बाबांचं बालपण बडोद्यात गेलं. गेल्या वर्षी त्यांना घेऊन गेलो तेव्हा ते चष्मा घरी विसरले होते. नूरचं नाव मी वाचून दाखवलं तर म्हणाले, "बाकीच्या तिघींची पण वाच." वाचली. मग परत एकदा वाचायला लावली, सावकाश.