साखरपुड्याच्या अंगठ्यांवर किती खर्च करावा? दोन महिन्यांच्या पगाराचा नियम खरा आहे का?

दादा, तुमचा प्रश्न वाचला. कुपवाड एमआयडीसीत सीएनसीवर काम, हातात 28 हजार येतात, सुपारी फुटलीय, साखरपुडा तोंडावर आलाय. मित्र म्हणतो अंगठीला दोन महिन्यांचा पगार घालायचा असतो आणि घ्यायचा तर हिराच घे, आई म्हणते तोळ्याची कर नाहीतर पाहुण्यांत काय तोंड दाखवायचं, आणि तुम्हाला दोन्हीतलं काहीच झेपत नाही. आधी मित्राचं निकालात काढते.

हा दोन महिन्यांचा नियम कुठल्या पंचांगात नाही हो. डी बियर्स नावाची हिऱ्यांची कंपनी आहे, तिच्या जाहिरातींनी तो अमेरिकेत पसरवला. ‘हिरा म्हणजे कायमचा’ या अर्थाची त्यांची ती गाजलेली ओळ 1947 सालची, पगाराचं गणित नंतर जाहिरातीतनंच लोकांच्या डोक्यात बसवलं, आणि जपानमध्ये तर तीन महिन्यांचा पगार सांगितला. आता विकणाऱ्यानंच आपलं बजेट ठरवायचं म्हटल्यावर तो कमी कशाला सांगेल? सोडून द्या.

माझं माहेर विट्याकडचं, त्यामुळं घरातली निम्मी माणसं गलाईत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, खानापूर, आटपाडी, तासगाव या आपल्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या बाहेर पडून जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचा धंदा करतात, पार केरळपासून यूपीपर्यंत कुठल्याही सराफ बाजारात गेलात तर आपल्याकडचं कोणीतरी भेटतंच. सुट्टीला चुलत्यांकडं गेले की मी दुकानात बसून बघत राहायचे. कोणी अंगठी मोडायला आणली की चुलते आधी चिमट्यानं एकेक खडा उचकटून काढायचे, कागदाच्या पुडीत बांधायचे आणि पुडी गिऱ्हाइकाच्या हातात परत. मग काट्यावर वजन, मग मुशीत घालून भट्टीत, आणि निघालेला गोळा गार झाला की परत काट्यावर. दोन वजनांत जो फरक पडायचा तो बघून गिऱ्हाइकाचा चेहरा असा व्हायचा की काय सांगू, कारण मळ आणि डाखातला (जोड लावायच्या धातूतला) काही भाग जळून गेलेला आणि दुकानदारानं विकताना डाखही सोनं म्हणून मोजलेला. आणि त्या पुडीतल्या खड्यांना तर कोणी विचारतसुद्धा नव्हतं.

म्हणून मी अंगठीची किंमत कधीच एका आकड्यात बघत नाही. त्यात राहणारा पैसा किती आणि जाणारा पैसा किती, एवढंच बघते. राहणारा म्हणजे सोनं. जाणारा म्हणजे मजुरी, जीएसटी आणि खडे. बजेट जाणाऱ्या पैशाचं ठरवायचं, सोनं ऐपतीप्रमाणं.

हिशोब करून दाखवते. 2025 मध्ये तोळा लाखाच्या वर गेला, पण डोक्यात बसावं म्हणून 22 कॅरेटचा भाव सरळ तोळ्याला 1 लाख धरू. चार ग्रॅमची साधी अंगठी, सोनं 40,000, मजुरी 12 टक्के धरली तर 4,800, त्यावर 3 टक्के जीएसटी 1,344, झाले 46,144. यातले जाणारे सहा हजार आणि वर थोडे. आता दुसरी बघा, 18 कॅरेटची अडीच ग्रॅमची, वर चकाकणारे खडे. सोनं साधारण 20,500, मजुरी 20 टक्के म्हणजे 4,100, खडे 20,000, जीएसटी धरून 46 हजारच्या आतबाहेर. म्हणजे दोन्हीचं बिल जवळपास तेवढंच! पण उद्या अडचण आली आणि मोडायची वेळ आली तर पहिलीचे घट जाऊन चाळीस हजारच्या जवळ येतील आणि दुसरीचे वीस, कारण खड्याला मोल आलं तर ते ज्या दुकानातनं घेतली तिथंच, तेही बिल आणि सर्टिफिकेट असेल तर. लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्याचं तर विचारूच नका, तो दिसायला छान असतो, हौस म्हणून जरूर घ्या, पण त्याला गुंतवणूक म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर उठून या.

तुमच्या पगाराला मी दोन्ही अंगठ्या मिळून जाणारा पैसा दहा-बारा हजाराच्या पुढं जाऊ देणार नाही. सोनं किती, तर जेवढे साठलेत तेवढ्यातच. ईएमआय नको, पर्सनल लोन तर अजिबात नको, आणि ते उसाचं बिल आलं की देतो म्हणून सराफाकडं उधारीही नको, कारखान्याचं बिल कधी येतं ते आपल्याकडं कोणाला सांगायला नको.

आईंचं म्हणणं मात्र एकदम उडवून लावू नका. त्यांना सोनं हवंय आणि त्यात चूक काही नाही. फक्त तोळ्याची अंगठी बोटात घालून रोज कोणी भाकरी थापत नाही, ती कपाटातच जाते. त्यापेक्षा अंगठी तीन-चार ग्रॅमची करा आणि उरलेलं मंगळसूत्रात घाला, नाहीतर साधी वेढणी घ्या, त्याला मजुरी अगदी किरकोळ लागते. घरात आजीची जुनी अंगठी पडून असेल तर ती देऊन नवी करा, मग तर खिशातनं मजुरी आणि वरचे थोडेच जातील. आणि हो, आपल्याकडं मुलाची अंगठी मुलीकडचे करतात आणि मुलीची मुलाकडचे, ते राहू द्या, पण याद्या करताना ‘नवऱ्या मुलाला एवढ्या ग्रॅमची’ असं कोणी मागून घेत असेल तर त्याला 1961 च्या कायद्यात हुंडा म्हणतात, ते होऊ देऊ नका. दोन्ही अंगठ्या सारख्या वजनाच्या ठेवल्या की प्रश्नच मिटला.

तुमच्या स्वतःच्या अंगठीचं वेगळं सांगते. तुम्ही मशीनवर काम करता, तिथं अंगठी घालून जायचं नाही म्हणजे नाही, अडकली तर बोटावर बेततं. म्हणजे ती रोज काढून ठेवायची वस्तू होणार, मग जड कशाला? गुळगुळीत, बिनखड्याची घ्या. तिच्यासाठी घेतानाही खडा वर उचललेला नको, पीठ मळताना त्या कड्यांत कणीक जाऊन बसते आणि मग टाचणीनं काढत बसावं लागतं, अनुभवाचे बोल आहेत. पण हे सगळं तुम्ही ठरवण्याआधी तिलाच विचारा ना. सरप्राइज वगैरे सिनेमात ठीक, तिला सोबत घेऊन जा, ती पण कमावती असेल तर तिचं पण मत आहे पैशाबद्दल.

दुकानाची काळजी करू नका, सांगलीला सराफीची कमी नाही, गाडगीळांची पेढी इथंच 1832 साली सुरू झाली. तीन-चार ठिकाणी मजुरी विचारा, सरळ घासाघीस करा, भाव कमी होत नाही पण मजुरी होते. ग्रॅमवर मजुरी सांगतायत की टक्क्यावर ते आधी विचारा. अंगठीच्या आतल्या बाजूला हॉलमार्क असतो, म्हणजे बीआयएस या सरकारी मानक संस्थेचं चिन्ह, 22 कॅरेट असेल तर 916 आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, तो तिथंच उभं राहून बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळं अगदी हलकी अंगठी घेताना जास्त सावध. खडे असतील तर बिलावर सोन्याचं निव्वळ वजन आणि खड्याचं वजन वेगवेगळं लिहून घ्या.

आणि बोटाचं माप संध्याकाळी द्या, सकाळच्या गारव्यात दिलेलं माप दुपारच्या उन्हात बसत नाही, आणि साखरपुड्याचा हॉल, वर तुमचा सूट, समोर कॅमेरावाला.