जीपीए (पदवीच्या मार्कांची सरासरी, ४ पैकी) जेमतेम ३.१ आहे, अमेरिकेत जेडीला (तिथल्या कायद्याच्या पदवीला) प्रवेश मिळेल का?

मिळू शकतो, पण सगळा जोर एलसॅटवर, म्हणजे लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेवर द्या. जीपीए पहिल्या पदवीवरूनच मोजला जातो, नंतर एम.ए.ला कितीही चांगले मार्क पडले तरी तो आकडा हलत नाही. एलसॅटचा स्कोअर (१२० ते १८०) मात्र अजून तुमच्या हातात आहे. ऑगस्ट २०२४ पासून परीक्षेतला लॉजिक गेम्स (तर्काची कोडी) हा विभाग गेला. आता लॉजिकल रीझनिंगचे दोन विभाग मोजतात आणि रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचा एक. घड्याळ लावून जुने पेपर सोडवा आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली तो चुकीचा पर्याय का पटला, हे एका ओळीत लिहा. खरी सुधारणा इथेच होते. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

बहुतेक लॉ स्कूल अर्ज येतील तसे तपासतात, म्हणून नोव्हेंबरच्या आत पाठवा. तोवर स्कोअर तयार नसेल, तर घाई करण्यापेक्षा एक वर्ष थांबणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

मार्क घसरण्यामागे आजारपण, नोकरी असं ठोस कारण असेल तर अर्ध्या पानाचं वेगळं स्पष्टीकरण जोडा: कुठल्या सेमिस्टरला काय झालं, नंतर मार्क कसे वाढले. कारण नसेल तर काहीच लिहू नका. सबबी वाचून शंकाच वाढते.