वांगं, ऊन आणि गार छिन्नी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

ल्युपसची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजाराची, ओपीडी आता तू सांभाळणार, म्हणून हे लिहिते आहे. दुखणं उलटलेली बाई समोर बसली की ती काल-परवाचं सांगते: वांगं खाल्लं, पावसात भिजले, घरात वाद झाला. ते नीट ऐकून घे, पण तू आणखी मागे जा. उन्हाने उठणारं पुरळ कित्येकदा आठवडाभराने, कधी दोन-तीन आठवड्यांनी दिसतं. तोवर ते ऊन तिला आठवतही नसतं. अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात, आतली प्रथिनं उघडी पडतात, स्वतःवरच उलटलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) त्यांना चिकटतात, दाह भडकवणारं इंटरफेरॉन हे प्रथिन वाढतं. कधी सांधे आणि मूत्रपिंडही त्यात ओढले जातात.

“उन्हात गेला होता का?” असं विचारलंस तर “नाही” म्हणतील. गच्चीवर वाळवण घातलं होतं का, शिवणयंत्र खिडकीशी आहे का, हे विचार. अतिनील किरणांच्या दोन प्रकारांपैकी खिडकीची काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए बरंचसं आत सोडते. बोटांची वरची, नखांकडची बाजू बघ. सांधे सोडून मधल्या भागात लाली असेल तर ल्युपसचा संशय घे. नेमकी सांध्यांवर असेल तर डर्मॅटोमायोसायटिस, हा त्वचेचा आणि स्नायूंचा आजार, मनात आण.

भल्याभल्यांचाही संशय भलतीकडे जातो. 1914 मध्ये एडिंबरोचे डॉक्टर बायरम ब्रॅमवेल यांना स्क्लेरोडर्माच्या (कातडी कडक होत जाणाऱ्या, ल्युपसच्याच जातकुळीतल्या आजाराच्या) रुग्णांत पाथरवट बरेच आढळले. त्यांना वाटलं, हातातल्या गार छिन्नीचा हा परिणाम असावा. पुढे 1957 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणकामगारांत तोच आजार दिसला, आणि आज आपण दगडातल्या सिलिकाच्या धुळीकडे बोट दाखवतो. खडी क्रशरवर किंवा फरशी कापायच्या कामावर कोणी आहे का, हे प्रत्येकाला विचारच. बिडी-सिगारेटचंही विचार, ओढणाऱ्यांच्या त्वचेच्या ल्युपसवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा, आपल्या नेहमीच्या औषधाचा, गुण कमी येतो.

वांगं मात्र बंद करू नकोस. आधीच थकलेल्या बाईचं ताट आपण उगाच रिकामं करतो, याचा मला फार त्रास होतो. अल्फाल्फाच्या (लसूणघासाच्या) गोळ्या घेत असेल तर त्या मात्र थांबव, त्यांनी दुखणं उसळू शकतं.

आणि सल्फा गटाची प्रतिजैविकं. लघवीला जळजळ झाली की गावातला डॉक्टर त्यातलंच को-ट्रायमोक्सॅझोल लिहून देऊ शकतो, आणि त्याने ल्युपस उसळू शकतो. फाइलच्या पहिल्याच पानावर ‘सल्फा नको’ असं मराठीत, लाल शाईने लिही, म्हणजे ती स्वतः वाचून त्याला सांगेल.

तुझी,
मॅडम