व्हॅल्यूजची लिस्ट नको, नाही म्हणायची तयारी हवी

अगं,

तुझा मेसेज नीट वाचला. दोन ऑफर आहेत, एक अंधेरीची, पगार जवळपास दुप्पट, इन्शुरन्सच्या पॉलिसी विकायच्या, आणि दुसरी परळची, कॅन्सरच्या ट्रीटमेंटसाठी बाहेरगावहून येणाऱ्या लोकांची राहायची सोय बघायची, आणि तू विचारतेयस की ताई, माझ्या व्हॅल्यूजना धरून कुठली घेऊ. सोबत दहा शब्दांची लिस्टपण पाठवलीस, प्रामाणिकपणा, कुटुंब, ग्रोथ वगैरे. खरं सांगू? त्यातून मला तुझं काहीच कळलं नाही. अशी लिस्ट कोणाचीही असू शकते, लोकांना टोपी घालणाऱ्याचीपण.

त्यापेक्षा गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि फोनचा स्क्रीन टाइम उघडून बस, वेळ आणि पैसा कुठे जातोय ते दिसेल. मग दहातले दोनच शब्द ठेव आणि प्रत्येकापुढे लिही की यासाठी मी काय सोडायला तयार आहे. पुढे काही लिहिता येत नसेल तर तो शब्द खोड सरळ.

लिज्जत पापड तुला माहितीच आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उधार घेऊन बिल्डिंगच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. लोक पुढची कोटींची उलाढाल सांगतात, मला मात्र त्यांचा सुरुवातीचा नियम जास्त आवडतो, की तोटा झाला तरी कोणाकडे देणगी मागायची नाही. खिशात स्वतःचे पैसे नाहीत आणि हे ठरवतायत! आणि काम करणारी प्रत्येक बाई मालकीण, हे पुढे व्याप एवढा वाढला तरी सोडलं नाही.

आता पैशाचं. पगार बघणं म्हणजे काहीतरी हलकं असं अजिबात समजू नकोस. पैशाच्या मागे लागू नका, मनाचं ऐका हे सांगणाऱ्यांचा दादरला बापाचा फ्लॅट असतो बऱ्याचदा. तुझ्या घरी भाडं आहे, भावाची फी आहे. पण मुंबईत होतं काय की पगार वाढला की लगेच मोठं घर, गाडी, ईएमआय, आणि मग बॉसने नको ते करायला सांगितलं की मान हलवावीच लागते, कारण पाच तारखेला हप्ता जाणार असतो. नाही म्हणायलापण पैसे लागतात गं. म्हणून कुठलीही नोकरी घे, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत नवीन हप्ता लावून घेऊ नकोस. ते पैसे असले की तुझ्या प्रामाणिकपणाला जरा पाठीचा कणा येतो.

पॉलिसी विकणं वाईट नाही. घरातला कमावता माणूस गेल्यावर टर्म इन्शुरन्सने सावरलेली घरं मी बघितलीयत. पण एफडी करायला आलेल्या आजोबांच्या गळ्यात दरवर्षी प्रीमियम भरायची पॉलिसी मारणं हेपण त्याच धंद्यात चालतं. लाइफ पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, हे तू त्या आजोबांना स्वतःहून सांगशील का, आणि सांगितलंस तर तुझा मॅनेजर काय म्हणेल? अंधेरीवाल्यांना सरळ विचार, टार्गेट चुकलं तर काय होतं, आणि शक्य झालं तर तिथून सोडून गेलेल्या कोणाशी बोल, एचआरशी नाही.

परळचं काम आधीच पवित्र समजून जाऊ नकोस. संस्थांमध्येपण राजकारण असतं, पगार लेट होतात, आणि आजारी माणसांच्या नातेवाइकांची चिडचिड रोज अंगावर घ्यावी लागते. एक शनिवार जाऊन नुसती बस तिथे, काय काम चालतं बघ, मग ठरव.

आणि दोन्ही ऑफर लेटर मला पाठव, सही करायच्या आधी. नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आहे का आणि बॉण्ड वगैरे काही आहे का ते बघते.

तुझी ताई