परसातल्या कोंबड्या गांडुळं-किडे खातात, त्यातून अंड्यांत शिसं-कॅडमियमसारखे विषारी जड धातू येतात का?

तुमचं घर चिपळूणजवळ महामार्गाला लागून आहे, मागे पोफळीची वाडी आहे आणि कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात, असं तुम्ही लिहिलंय. किड्यांच्या भीतीने घरची अंडी सोडू नका. पण कोंबड्या नेमकी कुठली माती उकरतात, ते मात्र आजच बघा.

सगळे किडे धातू सारखे साठवत नाहीत. नाकतोडे आणि पानं खाणाऱ्या अळ्या यांच्या अंगात ते सहसा कमीच सापडतात. मातीतलं शिसं पानापर्यंत फारसं चढत नाही. शिवाय कात टाकताना आणि कोषात रूप बदलताना किड्याच्या आतड्याचं जुनं अस्तर गळून जातं, त्याबरोबर साठलेला बराच धातूही जातो. कुजकं खाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. नारळाचं भिजलेलं सोडण उचललं की खाली सात जोड पायांचे करडे, चपटे जीव सैरावैरा पळतात ना, ते खेकड्यांचे जमिनीवरचे नातेवाईक. तांबं, कॅडमियम, जस्त, शिसं हे सगळं ते पोटातल्या पाचकग्रंथीत भरून ठेवतात. पावसाळी गोगलगायही कॅडमियम असंच धरून ठेवते.

गांडुळाच्या अंगात कॅडमियम मातीपेक्षा कित्येक पटीने जास्त निघू शकतं. एक खास प्रथिन ते बांधून ठेवतं, म्हणून गांडूळ त्यातही जगतं. शिसं मात्र बहुधा मातीपेक्षा कमी भरतं. प्रयोगशाळेत गांडूळ तपासण्याआधी त्याला ओल्या कागदावर एक-दोन दिवस ठेवतात, म्हणजे पोटातली माती निघून जाते. कोंबडी थोडीच थांबते! ती गांडूळ मातीसकट गिळते, वर चोचीला लागलेली माती वेगळी. म्हणून शिशाच्या बाबतीत मला गांडुळापेक्षा मातीची काळजी जास्त वाटते.

कोंबडीच्या पोटात गेलेलं कॅडमियम मुख्यतः यकृतात आणि मूत्रपिंडात बसतं, अंड्यात फार थोडं उतरतं. तेव्हा जुन्या कोंबडीची कलेजी रोज खाऊ नये, एवढं पुरे. शिसं मात्र अंड्यात उतरतं, त्यातही बलकात जास्त. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या परसांतल्या अंड्यांचा अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. त्यात दुकानातल्या अंड्यांच्या सरासरी 40 पटींहून जास्त शिसं निघालं, आणि ते आलं होतं परसातल्या मातीतून. आपल्याकडे शिसंयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झालं, पण शिसं कुजत नाही की उडून जात नाही. रस्त्याकडेच्या वरच्या थरात ते राहतं. जुन्या खिडक्या-दारांच्या रंगाच्या खपल्या, पागोळीखालची माती, कचरा जाळल्याची राख, कधी काळी बॅटरी फोडलेली जागा, इथे कोंबड्या जाऊ देऊ नका. लहान मुलं घरात असतील तर हे जास्तच पाळा.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला मनापासून सांगायचंय. पोफळीवर कोळेरोगासाठी, म्हणजे पावसाळ्यात सुपारी कुजवून गाळणाऱ्या बुरशीसाठी, तुम्ही बोर्डो हे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक मारत असणारच. एक टक्का मिश्रण म्हणजे 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना. त्या किलोभर मोरचुदात पाव किलो तांबं असतं. वर्षाला 4 किलो मोरचूद वापरलंत तर 20 वर्षांत 20 किलो तांबं वाडीत येतं, आणि पावसाने झाडावरून धुपून बरंचसं खाली उतरतं. ते खोल जात नाही, पालापाचोळ्याच्या वरच्या थरालाच चिकटतं, आणि गांडुळं वावरतात ती तिथेच. मेलेली गांडुळं दिसणार नाहीत. मरण्याइतकं तांबं साठण्याच्या कितीतरी आधी त्यांची वीण घटते आणि ती तिथून निघून जातात. आपली जांभ्याची माती आंबट, त्यात तांबं जास्त मोकळं राहतं. युरोपात द्राक्षबागांतल्या याच अनुभवानंतर हेक्टरी 7 वर्षांत 28 किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. बोर्डो बंद करा असं मी म्हणणार नाही, कोळेरोगात घोस गळून पडले की काय होतं ते मला ठाऊक आहे. पण उरलेलं मिश्रण झाडाच्या बुंध्याशी ओतू नका, फवारणी घोसांवरच नेमकी करा, पिंप त्याच एका कोपऱ्यात दर वेळी धुऊ नका.

घरी गांडूळखत करत असाल तर एक लक्षात ठेवा: गांडुळं धातू नाहीसा करत नाहीत. कचरा आटतो तसा तो खतात दाट होतो. विकतच्या गांडूळखताला सरकारी मर्यादा आहे, किलोमागे कॅडमियम 5 आणि शिसं 100 मिलिग्रॅम.

माती तपासायला देताना नेहमीच्या माती परीक्षणात तांबं आणि जस्त कळतं, शिसं-कॅडमियम त्यात नसतं, ते वेगळं सांगून करून घ्यावं लागतं. घराभोवतीचा आणि वाडीतला नमुना निरनिराळा द्या. दोन्ही एकत्र कालवलेत तर पागोळीखालचं शिसं वाडीच्या चांगल्या मातीत लपून जाईल.