बांध कोरणाऱ्याला मोजणी नको असते

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. वसतिगृहातल्या मैत्रिणी 'देशापेक्षा जग मोठं मानणारी' म्हणून टोमणे मारतात, आणि युक्रेन, गाझा बघून तुझाच आंतरराष्ट्रीय कायद्यावरचा विश्वास उडालाय, म्हणून निबंधाचा विषय बदलायचा म्हणतेस. विषय बदलू नकोस, मथळा बदल. 'सार्वभौमत्व की जागतिक सरकार?' या प्रश्नातच गोची आहे.

वकिलीची पहिली नऊ वर्षं मी तालुक्याच्या कोर्टात बांधाचे दावे चालवले. दर नांगरटीला शेजाऱ्याचा बांध वीतभर कोरायचा, आणि सरकारी मोजणीची नोटीस आली की ओरडायचं, "जमीन माझी आहे, माझ्या रानात पाऊल टाकू देणार नाही." मोजणीमुळे कुणाची मालकी गेलेली मी पाहिली नाही. कोरलेलं तेवढं गेलं. १९२३ साली, 'विम्बल्डन' हे जहाज कराराविरुद्ध अडवल्याच्या खटल्यात, हेगच्या तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जर्मनीला हेच ऐकवलं होतं: करार करून स्वतःला बांधून घेता येणं हे सार्वभौमत्वाचंच लक्षण आहे.

जी मोजणी शेजाऱ्याच्या रानात हवी, ती आपल्या रानातही होऊ द्यायची. मला एवढंच कळतं, आणि एवढ्यावरून मी हटणार नाही.

मैत्रिणींना ८ ऑगस्ट १९४२ चा ठराव पूर्ण वाचायला लाव. गोवालिया टँकवरचा, 'छोडो भारत'चा. इंग्रजांना चालते व्हा म्हणणाऱ्या त्याच ठरावात, जगाच्या शांततेसाठी स्वतंत्र राष्ट्रांचा जागतिक संघ हवा आणि स्वतंत्र भारत त्यात आनंदाने सामील होईल, असंही लिहिलंय. ही माणसं तुरुंगाच्या दारात उभी होती. त्यांना देशप्रेम शिकवायला कोण जाणार?

आता जे सांगतोय ते नीट वाच. १० ऑगस्ट १९९९ ला आपल्या हवाई दलाने पाकिस्तानी नौदलाचं विमान पाडलं, १६ जण गेले. पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. राष्ट्रकुलातल्या, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातून निघालेल्या पाकिस्तानसारख्या, देशांशी असलेले वाद या न्यायालयापुढे चालणार नाहीत, अशी अट आपण १९७४ च्या घोषणापत्रात घालून ठेवली होती. २१ जून २००० ला न्यायालयाने अधिकारक्षेत्र नाही म्हणून अर्ज काढून टाकला. विमान कुठे होतं, चूक कुणाची, हे तपासलंच गेलं नाही. आपली बाजू खरी होती असं मी आजही मानतो. मग मोजणी का नको होती?

हे मी तेव्हा लिहिलं होतं. एका मासिकाने घेतलंही होतं. मी ते परत मागवलं. घाबरलो असं समजू नकोस. कारगिलला जेमतेम वर्ष झालं होतं. आमच्या गल्लीतला एक मुलगा तिथून परतला नव्हता, आणि त्याची आई मला रोज सकाळी दूध केंद्रावर भेटायची. तिच्यासमोर ते छापील पान कसं येऊ द्यायचं? तेव्हा ते बरोबर वाटलं. आजही पूर्ण चूक वाटत नाही. पण त्यानंतर वर्गात तो खटला शिकवताना दरवर्षी मी निकाल सांगून पुढे जात राहिलो, आणि त्याला त्या माउलीचं कारण नव्हतं.

मग २०१७ उजाडलं. पाकिस्तानने फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधवांसाठी आपणच हेगला गेलो. हा अर्ज वकिलातींच्या करारावर होता, त्यामुळे ती जुनी अट आड आली नाही. १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ असा निकाल लागला: भारतीय अधिकाऱ्यांना भेटू द्या, शिक्षेचा फेरविचार करा. सुटका मिळाली नाही, पण फाशी थांबली. महाराष्ट्रात पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. त्याच वर्षी सप्टेंबरात भारताने न्यायालयाकडे नवीन घोषणापत्र दिलं, आणि राष्ट्रकुलाची अट त्यात तशीच ठेवली. जी मोजणी शेजाऱ्याच्या रानात हवी, ती आपल्या रानातही. किती वेळा सांगू?

एका राजधानीतून सगळं जग हाकणारं सरकार मलाही नको. नाही म्हणता येणार नाही असं न्यायालय हवं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत २ ऱ्या कलमात सगळे समान सार्वभौम आणि २७ व्या कलमात सुरक्षा परिषदेतल्या पाच कायम सदस्य देशांना नकाराधिकार, हे टिकणारं नाही. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या वेळी सोव्हिएत नकाराधिकार आपल्या बाजूने पडला. (गोवा मुक्त व्हायलाच हवा होता, त्यावर माझ्याशी वाद घालू नकोस.) पण त्याच पोर्तुगालने त्याआधी दादरा-नगर हवेलीसाठी आपल्याला हेगमध्ये खेचलं, तेव्हा आपण प्रतिवादी म्हणून उभे राहिलो होतो. १९६० च्या निकालात न्यायालयाने पोर्तुगालच्या सैन्याला आपल्या हद्दीतून वाट नाकारली, आणि बाकीची वाट अडवण्यातही आपण कर्तव्य मोडलं नाही असं म्हटलं. उभे राहिलो म्हणून काय गमावलं? निबंध तिथून सुरू कर.

गाझाकडे बघून न्यायालयं फोल आहेत म्हणतेस, त्याने चीड येते मला. तालुक्यात निम्मे हुकूमनामे वर्षानुवर्षं अंमलात यायचे नाहीत. म्हणून कुणी कोर्ट पाडा म्हणालं नाही, बेलिफाच्या मागे लागायचे लोक.

सोबत माझा तो २००० सालचा लेख पाठवतोय, टाइप केलेली सात पानं. चौथ्या पानावर एक परिच्छेद मी तेव्हा लाल शाईने खोडला होता. तो आधी वाच.

तुझे,
सर